ऑफिसात शांत, घरी भडका

"मॅडम, ऑफिसात मी कधी आवाज चढवत नाही. घरी आले की मात्र ताबा सुटतो. शांत कसं राहायचं, ते शिकवा." समुपदेशक म्हणून थोड्याफार फरकाने हे वाक्य मी सतत ऐकते. पुरुषांकडूनही.

सुजाताताईही (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) हेच घेऊन आल्या. चाळिशी उलटलेली, राहायला भांडुप, नोकरी फोर्टला, लोकांची कामं घेणाऱ्या काउंटरवर. कुणी खेकसलं, कागद आपटले तरी यांच्या कपाळाला आठी नाही. सहकारी म्हणतात, "बाई एकदम शांत." आणि संध्याकाळी मुलीने डबा दप्तरातून काढला नाही एवढ्यावरून घर डोक्यावर! "मी ढोंगी आहे का हो?" असं विचारताना त्यांना रडूच कोसळलं.

घरच्या भांडणात मी फार शिरले नाही. काउंटरवरचा एखादा प्रसंग सांगा म्हटलं. त्या सांगू लागल्या तसे खांदे वर चढले, ओढणीचं टोक बोटाभोवती आवळलं गेलं, दात एकमेकांवर घट्ट बसले. मी विचारलं, "आत्ता जबडा कसा वाटतोय?" त्यांनी गालाला हात लावून पाहिला. "अगं बाई, हा तर रोजच दुखतो. दाताचं दुखणं समजून डॉक्टरांकडेही जाऊन आले."

राग चेहऱ्यावर दिसला नाही की तो संपला, असं आपण धरून चालतो. ग्रॉस आणि लेव्हनसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना किळसवाणी चित्रफीत दाखवली आणि काहींना चेहऱ्यावर काहीच दिसू देऊ नका असं सांगितलं. त्यांना किळस तेवढीच वाटली. तळहाताच्या घामासारख्या शरीरातल्या ताणाच्या काही खुणा मात्र उलट वाढल्या. सुजाताताई दिवसभर हेच करत होत्या आणि तो साठा घेऊन सीएसएमटीला गर्दीची लोकल पकडत होत्या. मुलीसमोर तो फुटायचा, कारण तिची भीती नव्हती. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या.

आधी त्यांना रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा पाळी जाण्याचा काळ जवळ आला असेल तरी चिडचिड वाढते. तिथे नुसतं समुपदेशन पुरत नाही. त्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं, औषध सुरू झालं. (मुलांवर हात उठत असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर अजिबात थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.)

मग काउंटर. एक माणूस गेला की पुढच्याला बोलावण्याआधी पेन खाली ठेवायचं, दात सुटे करायचे आणि श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, त्यामुळे हे करायला वेगळी खोली लागत नाही. हे त्यांना लवकर जमलं.

अडलं ते पुढे. खेकसणाऱ्याला सांगायचं, "आवाज खाली ठेवा, तुमचंच काम करतेय." त्या दचकल्याच. "मग मी शांत कुठे राहिले?" बाईमाणसाने उलट बोलू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. आम्ही ते वाक्य खोलीत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. सुरुवातीला आवाज कापायचा, कधी नको तितका चढायचा. ठाम बोलूनही श्वास जागेवर राहतो, हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळावं लागलं. माझ्या मते त्यांच्या बाबतीत खरं काम तेवढंच होतं.

घरी आता त्या दारातच सांगतात, "आज डोकं तापलंय. चहा होईपर्यंत मला काही विचारू नका." मुलगी म्हणाली, "आई, हे आधी सांगत जा ना, मला कळतं." अजूनही कधीतरी ओरडतात, पण नंतर तिच्याजवळ जाऊन बोलतात. जबड्याचं दुखणं कमी झालंय. सासूबाईंसमोर मात्र अजून तोंडातून शब्द फुटत नाही. सध्या आमचं तेच चाललंय.