बेळगावकडचा मुलगा जर्मनीत चाललाय. गावाकडचं आयुष्य त्याला तिथं कामी येईल की आडवं येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ खानापूरकडच्या खेड्यातला, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, पुढं इंजिनिअरिंग केलेला, आणि आता त्याला जर्मनीत नोकरी लागलीय. गावातच वाढल्यामुळं तो तिथं रुळेल का, याची तुम्हाला धास्ती आहे. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूचा. डिप्लोमानंतर बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपात काही वर्षं काढली, आता स्टुटगार्टजवळच्या एका लहानशा गावात हायड्रॉलिकच्या सुट्या भागांवर काम करतो. त्यामुळं उत्तर आपल्या भागापुरतंच देतो, पुण्या-मुंबईच्या पोरांचं त्यांना विचारा.

गावाकडचं काही कामी येतं, काही आडवं येतं. फक्त कुठलं काय करेल याचे घरच्यांचे अंदाज बहुतेक वेळा उलटे निघतात. घरचे काळजी करतात ती इंग्रजीची, काट्याचमच्याची, थंडीची. ते सगळं पहिल्या हिवाळ्यातच निस्तरतं. कोट चांगला घ्या म्हणावं, संपला विषय.

भाषेपासून सुरू करतो, कारण इथं आपला माणूस खरंच पुढं असतो. बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घ्यायला गेलं की एकाच पाटीपुढं तीन भाषा चालतात. घरात मराठी, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड, कॅम्पात हिंदी, दुरुस्तीवाल्याशी दखनी. यातली एकही आपण व्याकरणानं शिकलो नाही. मोडकंतोडकं बोललो, समोरचा हसला, आपणही हसलो, काम झालं. ही निर्लज्जपणाची तालीम फार मोलाची आहे. माझ्याबरोबर रुजू झालेले उत्तम इंग्रजीवाले होते, ते चूक होईल म्हणून जर्मन बोलायलाच तयार नसत. कँटीनमध्ये इंग्रजी, मीटिंगमध्ये इंग्रजी, आणि मग शॉपफ्लोअरवरचा जुना फोरमन त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचा. मी त्याच्याशी पहिल्या महिन्यापासून लिंगवचनाचा खून पाडत जर्मन बोलायचो. त्यानं मला सुधारत सुधारत मशीनही शिकवलं.

शिवाय इकडची बोली वेगळीच आहे. क्लासमध्ये शिकवतात ती पुस्तकी जर्मन, आणि स्टुटगार्टच्या आसपासची म्हातारी माणसं बोलतात ती श्वेबिश. दिल्लीचा एक सहकारी पहिल्या आठवड्यात हबकला, म्हणाला आपण दुसऱ्याच देशात उतरलो की काय. बेंगळूरच्या साहेबाची कन्नड आणि धारवाडकडच्या बसस्टँडवरची कन्नड दोन्ही ऐकत वाढलेल्याला यात नवल वाटत नाही. कान आपोआप जुळवून घेतो.

आता याच भाषेची दुसरी बाजू. ही गोष्ट भावाला निघण्याआधी कुणीतरी समोर बसवून सांगायला हवी. आपण १ नोव्हेंबरवर वाढलेली माणसं. १९५६ साली याच तारखेला बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेलं. आजही त्या दिवशी एकाच शहरात एका रस्त्यावर कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्या रस्त्यावर मराठी माणसांची काळ्या दिनाची सायकल फेरी. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ साली बेळगाव तिकडंच ठेवायला सांगितलं, महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, आणि महाराष्ट्र मागतो त्या ८६५ गावांचा आकडा आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतो. माझे वडील त्या फेरीत जायचे, मीही गेलोय, आणि त्याबद्दल मला काडीचाही संकोच नाही. आपल्याच गावात, आपल्याच जमिनीच्या उताऱ्यावर काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागणं हे दुखणं खरं आहे.

पण या सगळ्यातून एक सवय अंगात मुरते. कचेरीतला माणूस आपल्याला न येणाऱ्या भाषेत बोलला की डोक्यात पहिला विचार येतो, हा मुद्दाम करतोय. जर्मनीत सरकारी कामकाजाची भाषा जर्मन, असं त्यांच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. खिडकीपलीकडच्या बाईला इंग्रजी येत असलं तरी ती कित्येकदा बोलणार नाही, कारण चुकीचा शब्द गेला तर जबाबदारी तिच्यावर. निपाणीकडचा एक पोरगा अशा एका कचेरीतून तणतणत बाहेर आला आणि पार्किंगमध्ये मला म्हणाला, "हितंबी तेच की रे!" नव्हे, तेच नव्हे. बेळगावात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो, भाषिक अल्पसंख्याक म्हणून मराठीत कागद मागणं हा आपला हक्क आहे. जर्मनीत आपण आपल्या पायानं, पगारासाठी आलो. हे दोन हिशेब ज्यानं एकत्र केले तो इथं वर्षानुवर्षं चिडलेला राहतो, भाषा शिकत नाही, आणि न शिकण्याला तत्त्व म्हणतो. अशी माणसं मी पाहिलीत. चांगली, हुशार माणसं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्थलांतरितांच्या वागण्याचे चार प्रकार मांडलेत: आपलं ठेवून नवं घेणारे, आपलं टाकून नवं घेणारे, आपल्यातच कोंडून घेणारे, आणि दोन्हीकडून तुटलेले. पहिल्या प्रकारची माणसं साधारणपणे बरी राहतात असं त्यांचं म्हणणं. मांडणी ढोबळ आहे, माणूस सकाळी एका खान्यात आणि संध्याकाळी दुसऱ्यात असू शकतो. तरी पहिला प्रकार वाचताना मला आपल्या शहापूर-वडगावातले विणकर आठवले. घरात एक भाषा, मागावर आणि बाजारात दुसरी, आणि त्यात आपण काही विशेष करतोय असं त्यांच्या गावीही नसतं.

शेजाराबद्दल थोडं. या भागात बऱ्याच जुन्या इमारतींत केरवोखे नावाची पद्धत आहे. एक लाकडी पाटी असते, दोरी लावलेली. ज्याच्या दाराच्या मुठीला ती लटकेल त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, बाहेरचा फुटपाथ साफ ठेवायचा. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला. माझ्या दाराला ती पहिल्यांदा लागली तेव्हा मी जिना झाडला, झकास पुसला आणि खूश झालो. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या आणि मला हाताला धरून तळघराच्या पायऱ्यांपाशी घेऊन गेल्या. त्या राहिल्या होत्या. खिडकीची आतली कडही राहिली होती, तिच्यावर त्यांनी बोट फिरवून दाखवलं. माझ्या शेजारचा बंगळूरचा जोडीदार म्हणाला, ही वंशभेदाची केस आहे. मला तसं वाटलं नाही, कारण आमच्या गल्लीत सार्वजनिक नळापाशी कोण कसं पाणी सांडतं यावर लक्ष ठेवणारी अशी एक तरी मावशी असायचीच, आणि अडीअडचणीला तीच आधी धावायची. पुढं माझ्या गैरहजेरीत पार्सलं घेऊन ठेवायला लागल्या त्या याच आजी.

मात्र शेजाराची आपली दुसरी सवय इथं चालत नाही. न सांगता कुणाच्या दारात जाणं, रविवारी भिंतीला ड्रिल लावणं, रात्री दहानंतर मोठ्यानं फोनवर बोलणं. गणपतीत बेळगावला कपिलेश्वर तलावाकडची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, तिथं वाढलेल्या माणसाला रविवारची ही शांतता सुरुवातीला अंगावर येते. त्यावर माझ्याकडं उपाय नाही. सायकल घेऊन बाहेर पडा, एवढंच.

आता खरा मुद्दा. गावाकडचं आयुष्य म्हटलं की सगळे मागं राहिलेल्या गोष्टी मोजतात. ते आयुष्य मागं राहतच नाही. ते रोज फोनवर चालू असतं. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. मी कामावरून घरी येतो तोवर तिकडं जेवणं उरकलेली असतात, तरी आई जागी असते. "जेवलास काय? खरं भात मिळतोय न्हवं तिथं?" एवढं झालं की मग हळूच पुढचं येतं. बोअरचं पाणी गेलंय, चुलत्याबरोबर बांधाचं भांडण लागलंय, धाकटीला स्थळ आलंय.

आणि त्याच्या खाली पैसा. माझ्या पाहण्यात परदेशात रुळणं किंवा न रुळणं हे संस्कृतीपेक्षा कर्जाच्या हप्त्यावर जास्त ठरतं. एजंटाला, क्लासला, तिकिटाला म्हणून सोसायटीतून किंवा सोनं गहाण ठेवून पैसे उचललेले असतात. इकडं एकट्या माणसाच्या पगारातून कर आणि विमे मिळून सुमारे ३५ ते ४० टक्के कापले जातात, हे घरी कुणाला माहीतच नसतं. ते ऑफर लेटरवरचा आकडा रुपयांत गुणून बसलेले असतात. मग पोरगा ओव्हरटाइम घेतो, संध्याकाळचा भाषेचा क्लास सोडतो, भाडं वाचवायला आपल्याच चौघांबरोबर एका घरात राहतो. पैसे वेळेवर जातात, गावात नाव होतं. आणि पाच वर्षांनी दारात पडलेलं सरकारी पत्र वाचून घ्यायला त्याला दुसऱ्याला फोन करावा लागतो. इथं निर्णयाविरुद्ध हरकत घ्यायची मुदत बहुतेक वेळा एक महिन्याची असते. चार दिवस फ्रीजवर ठेवलेलं पत्र महाग पडतं.

आखातात गेलेल्यांशी तुलना करू नका. आमच्या गावातले कितीतरी लोक तिकडं राबले. तिथं आयुष्य काढलं तरी नागरिकत्व मिळत नाही, परत यायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, म्हणून त्यांनी कमाई गावच्या दुमजली घरात घातली ते बरोबरच केलं. जर्मनीत २०२४ च्या जूनपासून पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, आणि त्यांच्या बाजूनं आधीचा पासपोर्ट सोडायची अटही गेली. अडचण आपल्या बाजूची आहे. भारत दोन नागरिकत्वं मानत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसाला भारताचं ओसीआय कार्ड मिळतं, पण ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांकडून वारसानं येणारी येते. शेतकऱ्याच्या पोराला हा प्रश्न आयटीवाल्यापेक्षा फार निराळा असतो. मी अजून अर्ज केलेला नाही, त्यात घरच्या तीन एकरांचा वाटा मोठा आहे.

म्हणून माझा सल्ला भावाला कमी आणि तुम्हाला जास्त आहे. पहिलं वर्ष त्याच्याकडून फक्त हप्त्यापुरते पैसे घ्या, ती रक्कम आत्ताच बसून ठरवा, आणि घरातल्या कुणाच्या लग्नाचा किंवा घराच्या स्लॅबचा विषय त्या वर्षात काढू नका. क्लासला जाऊ द्या. बांधाची भांडणं असली तर ती तुम्ही निस्तरा. आणि तो आधी गोव्यात किंवा पुण्यात खोली करून राहिला असेल तर निम्मी काळजी सोडा. पहिल्यांदाच आईच्या हातचं सोडून चाललेला शहरी मुलगा त्याच्यापेक्षा जास्त कोलमडतो, हे मी दोनतीनदा बघितलंय.

राहिली कागदांची गोष्ट, जी इतर कुठल्या जिल्ह्यातला माणूस तुम्हाला सांगणार नाही. आपल्या शहराचं नाव सरकारी पातळीवर Belgaum चं Belagavi झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. त्यामुळं माझ्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरं. इथल्या कचेरीत बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, तुमचा जन्म नक्की कुठल्या गावी झाला? राजकारण सोडून जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. शेवटी शपथबद्ध भाषांतरकारानं दोन्ही नावं एकाच शहराची आहेत अशी टीप जोडली तेव्हा फाईल पुढं सरकली. भावाचा जुना दाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर त्याचंही असंच भाषांतर लागेल, आणि कन्नडमधून थेट जर्मन करणारा माणूस इकडं सहज सापडत नाही. इंग्रजी प्रत तिकडंच काढून घ्या. वडिलांचं नाव, आडनाव, त्यांचा क्रम, सगळं दहावीच्या मार्ककार्डाशी जुळतंय का बघा. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असते, तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो किल्लीबरोबरच मागून घ्यायचा. ओळख काढून, कुणाला सांगून यातलं काहीही लवकर होत नाही. मात्र प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढून फाईल काखेत मारून फिरायची आपल्याकडची जी खोड आहे, तिची इथं भलतीच कदर होते.

त्याला कुठल्या राज्यात नोकरी लागलीय ते कळवा. बव्हेरियात किंवा इकडं स्टुटगार्टच्या बाजूला येत असेल तर खोली बघताना काय विचारायचं ते मी वेगळं लिहून पाठवतो.