पहिलं रिग: 150 सोडा, 210 शोधा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही कॅलिफोर्नियात अर्वाइनला राहता, तिथल्याच पेरिसला स्कायडायव्हिंगच्या एएफएफ या सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या सगळ्या लेव्हल पार केल्यात, 14 उड्या झाल्यात. वजन 78 किलो. ओळखीतला एकजण 2,600 डॉलरला पूर्ण रिग (पाठीवरचा पॅराशूटचा संच) देतोय: सेबर2 150, म्हणजे 150 चौरस फुटांची मुख्य कॅनपी (पॅराशूट), सोबत 143 ची रिझर्व्ह (राखीव कॅनपी), "एएडीसकट". (एएडी म्हणजे वेळ आली तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र.) दर उडीला भाडं भरण्यापेक्षा हे घेऊन टाकावं का, आणि बाकी काय काय लागेल, असं तुम्ही विचारलंय.

एका शब्दात सांगायचं तर नको. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं आणि त्याला "अजून लवकर आहे" एवढंच ऐकवलं जातं. ते खरं असलं तरी त्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात बेरीज-भागाकाराने करू. विंग लोडिंग म्हणजे सगळ्या सामानासकट तुमचं वजन, पौंडांत, भागिले कॅनपीचं क्षेत्रफळ, चौरस फुटांत. 78 किलो म्हणजे 172 पौंड. रिग, हेल्मेट, जंपसूट, बूट मिळून 25 पौंड धरा. झाले 197. त्याला 150 ने भागलं की 1.31 येतात. ए लायसन्स (पहिला परवाना) हातात आलेल्यालासुद्धा 1.0 च्या आसपास राहा असंच सांगतात. 190 वर तुम्ही 1.04 ला येता, 210 वर 0.94 ला. शाळेच्या रिगमध्ये सध्या तुम्ही बहुधा 240 किंवा त्याहून मोठ्या कॅनपीखाली उतरत असाल. तिथून थेट 150 म्हणजे 230, 210, 190, 170 ही मधली चार मापं गाळणं. त्यात एकाच मॉडेलची लहान कॅनपी ही मोठीची नुसती छोटी आवृत्ती नसते. तिच्या दोऱ्याही आखूड असतात, त्यामुळे टॉगल (वळायला ओढायची मूठ) ओढल्यावर ती जास्त झपाट्याने वळते आणि वळताना जास्त उंची खाते.

"माझा फ्लेअर (उतरताना शेवटी दोन्ही टॉगल ओढून वेग मारणं) चांगला आहे, मला जमेल" असं म्हणाल, तर तेही मान्य. मोकळं मैदान, समोरून संथ वारा, आडवं येणारं कुणी नाही, अशा वेळी 150 तुम्हीही उतरवाल. घोडं अडतं ते वेगळ्या दिवशी. समजा तुम्ही जमिनीपासून शंभरेक फुटांवर आहात, आणि उजवीकडून दुसरा एकजण तुमच्या वाटेत येतो. हात विचार करत नाही, डावा टॉगल कमरेपर्यंत खाली जातो. कॅनपी कलते, नाक खाली घालते, तुमचं शरीर बाहेर फेकलं जातं आणि परत कॅनपीखाली यायला जी उंची लागते ती शिल्लक नसते. मोठ्या, हलक्या लोडच्या कॅनपीवर यातून खरचटून, मुरगळून सुटायची शक्यता बरी असते. 1.3 वर मांडीचं हाड जातं, किंवा त्याहून वाईट होतं. घरचे विचारतात "पॅराशूट उघडलंच नाही तर?", पण या खेळातले कितीतरी गंभीर अपघात व्यवस्थित उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या कॅनपीखाली होतात. खाली वळायचंच झालं तर दोन्ही ब्रेक (म्हणजे टॉगल) अर्धे धरून सपाट वळण घेतात. ते 2,000 फुटांच्या वर, दर उडीत एकदोनदा घोटवून घ्या. बी लायसन्ससाठी (ए च्या पुढची पायरी) 2012 पासून कॅनपीचा कोर्स सक्तीचा आहे. तो ए मिळाल्यावर लगेच करा, 50 उड्या व्हायची वाट बघू नका.

पेरिसबद्दल एक जोड. ते मैदान समुद्रसपाटीपासून साधारण 1,400 फुटांवर आहे आणि उन्हाळ्यात दुपारी भट्टी होते. गरम, विरळ हवेत तीच कॅनपी जास्त वेगाने जमिनीकडे येते. वर दुपारचा पश्चिमेचा वारा आणि धुळीच्या वावटळी. सोलो विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी 14 मैल आहे. लायसन्स मिळाल्यावर ती तुमच्यावर बंधनकारक राहत नाही, पण तुमचं तुम्ही काही दिवस पाळलीत तर काही बिघडत नाही. सकाळच्या पहिल्या लोडला (विमानाच्या फेरीला) जा.

आता तुम्ही म्हणाल, रिग घेतो आणि आत 210 घालतो. जमत नाही. कंटेनर (कॅनपी भरायची पाठीवरची पिशवी) ठरावीक घनफळाचा शिवलेला असतो. 150 साठी शिवलेल्यात 170 कदाचित कोंबून बसेल, 210 नाही. आणि कोंबलेलं मेन (मुख्य कॅनपी) हा स्वतःच एक धोका आहे: कंटेनर बंद ठेवणाऱ्या पिनवर ताण येतो, कॅनपीची बॅग बाहेर यायला अडते. तीच गोष्ट 143 च्या रिझर्व्हची. तिच्यावर तुमचं लोडिंग 1.38 होतं. रिझर्व्ह कधी वापरली जाते ते आठवा: मेन बिघडलेलं, उंची गेलेली, खाली मैदान नसून कुणाचं तरी अंगण. एएडीने उघडली असेल तर तुम्ही कदाचित शुद्धीतही नसाल आणि फ्लेअर कुणीच करणार नाही. लोक मेनचं माप दहादा विचारतात आणि रिझर्व्हचं लेबल वाचतसुद्धा नाहीत. माझ्या मते तिथे आणखी एक माप मोठं चालेल, लहान अजिबात नाही.

हा मोह सगळ्यांना होतो, कारण "पुढे लहान कॅनपीवर जाणारच आहे, मग दोनदा खर्च कशाला?" लहानपणी आया वाढत्या अंगाचे कपडे घ्यायच्या, आज ढगळ आणि पुढच्या वर्षी बरोबर. इथे लोक नेमकं उलट करतात, आज घट्ट होणारं घेतात आणि आपणच त्यात मावू असं धरून चालतात. चांगल्या स्थितीतलं वापरलेलं 210 वर्षभर वापरून विकलंत तर किमतीत फारसं नुकसान होत नाही. तुमच्यामागे तेच शोधणारा पुढचा नवखा उभा असतोच.

हार्नेसचं (अंगावरच्या पट्ट्यांचं) मापही विसरू नका, तो मूळ मालकाच्या अंगावर शिवलेला असतो. विकणारा तुमच्यापेक्षा चार इंच बुटका असेल तर उभं राहिल्यावर कळणारही नाही. घालून बघताना कमरेतून दुमडा, मांड्यांचे पट्टे घट्ट करा आणि कुणालातरी रायझर (खांद्यांवरून कॅनपीकडे जाणारे पट्टे) वर ओढून धरायला सांगा, किंवा ड्रॉपझोनवर (उड्यांच्या मैदानावर) टांगता हार्नेस असेल तर त्यात लटका. छातीचा पट्टा गळ्याकडे सरकला किंवा थ्री-रिंग (मेन सोडवायची तीन कड्यांची जोडणी) हनुवटीजवळ आले, तर ते रिग तुमचं नाही. हार्नेस बदलून मिळतो, पण ते मास्टर रिगरचं (पॅराशूट तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या वरच्या परवान्याच्या कारागिराचं) काम आहे आणि त्याचे काही शे डॉलर तुमच्या "स्वस्तात मस्त" मध्ये धरलेले नसतात.

"एएडीसकट" या शब्दावर विक्रेते फार भाव खातात. पहिला प्रश्न: उत्पादनाची तारीख काय? सायप्रेस 2 ची जुनी यंत्रं साडेबारा वर्षं चालतात, 2016 पासूनची साडेपंधरा. व्हिजिलचं आयुष्य वीस वर्षं. तारीख उलटलेलं यंत्र म्हणजे नुसतं वजन, आणि नवीन घ्यायला हजार-बाराशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. मग 2,600 चं रिग 4,000 कडे सरकतं. ते यंत्र काय करतं तेही नीट माहीत असू द्या. एक्स्पर्ट मोडमधलं सायप्रेस साधारण 750 फुटांवर, तेही तुम्ही सेकंदाला 35 मीटरपेक्षा वेगाने पडत असाल तरच, रिझर्व्ह बंद ठेवणारा लूप कापतं. तुमचा कटअवेचा (बिघडलेलं मेन सोडून द्यायचा) निर्णय 2,500 फुटांवर झालेला असला पाहिजे. अर्धवट उघडलेल्या, गरगरणाऱ्या कॅनपीखाली तो वेग कदाचित गाठलाच जाणार नाही, आणि यंत्र गप्प बसेल.

कोणतंही वापरलेलं रिग घेताना पैसे देण्याआधी ते तुमच्या रिगरकडे जाऊ द्या. विक्रेत्याचा रिगर चालत नाही. विक्रेता लांबचा असेल तर पैसे मध्यस्थ दुकानाकडे ठेवायचे, रिग तपासून पास झालं की सोडायचे. प्रामाणिक माणूस याला आढेवेढे घेत नाही. तपासणी चालू असताना शेजारी बसा, यातून जेवढं शिकाल तेवढं कुठल्या व्हिडिओतून शिकणार नाही. रिगर मधल्या सेलच्या (कप्प्याच्या) वरच्या कापडाची घडी ओठांना लावून श्वास ओढून बघेल. झीपी कापडातून हवा जवळजवळ येत नाही. येत असेल तर कापड म्हातारं झालंय. मग दोऱ्या. स्पेक्ट्राच्या दोऱ्या स्लायडरच्या (कॅनपी उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडाच्या) घर्षणाने तापून आकसतात, आणि सगळ्यात जास्त आकसतात त्या बाहेरच्या, ब्रेकच्या. म्हणून डावी-उजवी मापं पट्टीने घेतात. व्हेक्ट्रान आकसत नाही, पण झिजून तुटते. पायलट शूटची (मेन बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटची) किल लाइनही (ते नंतर मिटवणारी दोरी) आकसते: शूट कॉक केल्यावर (ही दोरी ताणून तयार ठेवल्यावर) ब्राइडलवरच्या (त्याच्या जोडपट्ट्यावरच्या) छोट्या खिडकीत रंगीत खूण दिसायला हवी. ती दिसली नाही तर पायलट शूट पूर्ण फुगत नाही आणि एखाद्या दिवशी पाठीमागे नुसतं फडफडत राहतं, पिन निघत नाही. दुरुस्ती किरकोळ आहे, दुर्लक्ष तेवढं किरकोळ नाही. शेवटी रिझर्व्हचं डेटा कार्ड. अमेरिकेत रिझर्व्ह दर 180 दिवसांनी सर्टिफाइड रिगरने पॅक करावी लागते, कार्डावर सगळ्या तारखा आणि सह्या असतात. मधे चार वर्षांचा खड्डा दिसला तर ते रिग कुणाच्या तरी गॅरेजमध्ये होतं. तिथे ऊन, उंदीर आणि बॅटरीचं ॲसिड होतं का, ते विचारा.

कॅनपीच्या मॉडेलबद्दल फार डोकं शिणवू नका. सेबर2, पायलट, सफायर, स्पेक्टर यांपैकी काहीही 210 किंवा 190 मध्ये चालेल. सेबर2 चांगलीच कॅनपी आहे, तुमच्या बाबतीत फक्त माप चुकतंय. पॅकिंग तुम्हाला जड जात असेल, आणि नव्या झीपीशी सगळ्यांचीच झटापट होते, एका कोपऱ्यातली हवा काढावी तर दुसरा फुगतो, तर पल्स ही कॅनपी बघा. तिचं खालचं कापड वेगळं असतं, ती बरीच शहाण्यासारखी बॅगेत बसते. उत्पादकांकडून डेमो कॅनपी थोड्या पैशांत वापरायला मिळतात, त्याचा फायदा घ्या.

आणि मुळात घाई कसली? लायसन्सच्या 25 उड्या पूर्ण व्हायच्या आत पूर्ण रिग म्हणजे उतावळा नवरा. भाड्याच्या रिगवर एक मोठा फायदा असतो: आज 230, जमलं की 210, असं उतरत जाता येतं. मधल्या काळात पैसे खर्चायचेच असतील तर अल्टीमीटर (उंचीमापक) घ्या, मोठ्या तबकडीचा, मनगटावरचा, साधा. ऑडिबल नंतर. कानातला बीप ही मदत आहे, उंची बघायची सवय डोळ्यांनाच लागायला हवी. मग अंगाला बसणारं हेल्मेट, गॉगल, हुक नाइफ (अडकलेली दोरी कापायची सुरी). चष्मा असेल तर त्यावर बसणारा गॉगल घ्या. जंपसूटला थांबा, तुम्ही बेली (पोटावर पडणं) करणार की फ्रीफ्लाय (उभ्याने, डोक्यावर पडणं), हे ठरल्याशिवाय त्याचं माप ठरत नाही. गोप्रोचं नावही काढू नका: यूएसपीए (अमेरिकेतली स्कायडायव्हिंगची संघटना) 200 उड्या आणि सी लायसन्स झाल्यावरच कॅमेरा सुचवते. लहानसा डबा असला तरी दोरी अडकायला पुरतो, आणि लक्ष उंचीवरून लेन्सवर जातं.

शीतल महाजनांची नऊवारीतली उडी बघून हे वेड लागलं, असं तुम्ही लिहिलंय. पुण्याची बाई 2018 मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारते याचं मलाही कौतुक आहे. पण 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर त्यांनी आधी सरावाची उडी न मारता झेप घेतली, तो कित्ता गिरवण्यासाठी नाही. आणि पोशाखाबद्दल एकच नियम लक्षात ठेवा: हँडलवर येईल असं काहीही सैल नको, मग ते हूडी असो वा पदर.

विम्याचं पटकन. यूएसपीएच्या सदस्यत्वासोबत येणारं संरक्षण तुमच्यामुळे दुसऱ्याच्या मालमत्तेचं किंवा अंगाचं नुकसान झालं तर आहे. तुमच्या स्वतःच्या पायाचं प्लास्टर त्यात बसत नाही. आरोग्य विम्याचे कागद वाचा, आणि टर्म पॉलिसी काढताना हा छंद लपवू नका. नंतर घरच्यांना निस्तरावं लागतं. आईवडिलांना सांगायचं की नाही, हे मात्र मी तुमच्यावर सोडतो.

तर विक्रेत्याला नाही कळवा, मैत्री टिकवून. मग 30 दिवसांच्या आत पुढची उडी घ्या, कारण विद्यार्थ्याची उडी त्याहून लांबली तर पुन्हा उजळणी करावी लागते. लायसन्स झालं की तुमची उंची, इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) आणि शाळेत शेवटी कितीच्या कॅनपीखाली उतरलात ते इथेच लिहा. साधारण कुठल्या मापाचा कंटेनर शोधायचा, ते मग नेमकं सांगता येईल.