'लाबा' की 'लाबे'?

प्रश्न असा आहे: 'भांडी घासणे' याची स्पॅनिशमधली आज्ञा एका पुस्तकात 'लाबा लोस प्लातोस' अशी दिली आहे आणि दुसऱ्यात 'लाबे लोस प्लातोस' अशी. बरोबर कोणती?

दोन्ही. 'लाबा' हे 'तू'साठी (स्पॅनिशमध्येही तूच, आणि हा योगायोग नाही, मूळ एकच) आणि 'लाबे' हे 'उस्तेद'साठी, म्हणजे आदरार्थी.

'उस्तेद' हा शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली कृपा' या जुन्या संबोधनाचा घासून उरलेला तुकडा. त्यामुळे समोरच्याशी बोलतानाही क्रियापद तृतीयपुरुषी येतं. शिवाय ही आज्ञा खऱ्या आज्ञार्थाची नाहीच, ती आपल्या विध्यर्थाच्या जवळची आहे. आपण 'महाराजांनी आसनस्थ व्हावं' म्हणतो ना, अगदी तीच घडण. व्याकरणाच्या डोळ्यांनी पाहिलं तर 'लाबे लोस प्लातोस' म्हणजे 'महाराजांनी भांडी घासावीत'! फक्त तिथे त्याला दरबारी थाट नाही, रोजच्या बोलण्यातलं रूप आहे.

रूप बनवायला 'मी'चं वर्तमानकाळी रूप घ्या, शेवटचा 'ओ' काढा आणि स्वर उलटा लावा. मूळ रूप 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना (जसं 'लाबार', घासणे) 'ए', बाकीच्यांना 'आ'. लाबो-लाबे, बार्रो-बार्रा (झाडा), पोंगो-पोंगा (पोंगा ला मेसा, जेवणाचं टेबल मांडा), रिएगो-रिएगे (झाडांना पाणी घाला). 'साके ला बासुरा' (कचरा बाहेर टाका) लिहिताना मात्र जपा: मूळ 'साकार'मधल्या 'सी' अक्षरापुढे 'ए' आला की 'क'चा उच्चार जातो, म्हणून तिथे 'क्यू-यू' लिहितात.

शिकणाऱ्याला उस्तेद खरं तर सोपं. नकारात रूप बदलत नाही: लाबे, नो लाबे. 'तू'चं मात्र लाबा, पण नो लाबेस. सर्वनाम तेवढं जागा बदलतं. 'ती घासा' म्हणजे 'लाबेलोस', एकच शब्द. 'ती घासू नका' म्हणजे 'नो लोस लाबे', सुटं. जोडशब्दात आघात 'ला'वरच राहतो, म्हणून लिहिताना त्या स्वरावर तिरकी रेघ द्यावी लागते.

पण आदरार्थी रूप वापरलं म्हणजे नम्रपणा आला, असं समजू नका. कामाला येणाऱ्या बाईंना नुसतं 'बार्रा' म्हणणं रुक्षच. 'मे लाबा लोस प्लातोस, पोर फाबोर?' असं विचारलेलं बरं. इथला 'लाबा' आज्ञा नाही, साधा वर्तमानकाळ आहे: 'भांडी घासून देता का?' उलट कोलंबियाची राजधानी बोगोता आणि आसपासच्या डोंगराळ भागात आई मुलालाही सहज उस्तेद म्हणते, तिथे दुरावा मुळीच नसतो.

दोघा-चौघांना सांगायचं तर शेवटी 'न' लावा: लाबेन, बार्रान. लॅटिन अमेरिकेत घरच्या पोरांनाही हेच. स्पेनमध्ये पोरांसाठी वेगळं रूप आहे, 'लाबाद', आणि बोलताना पुष्कळदा नुसतं 'लाबार'.