क्लिअर फेसवॉश जेल घट्ट कशानं करू?

प्रश्न : ताई, मी घरीच चेहऱ्यासाठी क्लेन्झिंग जेल बनवते, त्यासाठी डेसिल ग्लुकोसाइड (फेस करून मळ काढणारा घटक) ऑनलाइन मागवलंय. मीठ टाकलं की घट्ट होतं असं व्हिडिओत बघितलं म्हणून टाकलं तर काहीच फरक नाही, पाणी ते पाणीच. मग केकच्या सामानाच्या दुकानातून झँथन गम आणला तर गुठळ्या झाल्या आणि सगळं गढूळ दिसायला लागलं. मला एकदम क्लिअर हवंय, कार्बोमर (जेल घट्ट करणारी पावडर) घेऊ का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : मीठ चालतं ते शाम्पूतल्या एसएलईएस या फेस करणाऱ्या घटकाला, तेही बेतानं, जास्त झालं की उलट पातळ होतं. डेसिल ग्लुकोसाइड नॉन-आयॉनिक, म्हणजे विद्युतभार नसलेलं, त्याला मिठाचं काही देणंघेणं नाही, पुडा रिकामा केला तरी.

खायचा झँथन गढूळच दिसतो, कॉस्मेटिकच्या सामानात 'क्लिअर' ग्रेड वेगळी मिळते. पण तोही जरा जास्त झाला की जेल बोटावरून शेंबडासारखं लोंबतं, मला तरी नाही आवडत.

कार्बोमर दिसायला भारी पण नखरे फार, अल्कली घालून न्यूट्रल केल्याशिवाय घट्ट होत नाही, पीएच खाली आणला, म्हणजे आम्लता वाढवली, की ढिला पडतो, आणि क्षार तर त्याला अजिबात सोसत नाहीत, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात तर विचारूच नका.

तुमच्यासाठी मी एचईसी म्हणेन, हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज. क्लिअर राहतं, क्षारानं बिघडत नाही. 100 ग्रॅम जेलला 1 ग्रॅमपासून सुरुवात करा, चमच्यानं मोजू नका, जळगावात राहता म्हणजे सोनाराचा काटा माहीतच असेल, तसला छोटा डिजिटल घ्या. पावडर थेट पाण्यात टाकली की पिठल्यासारख्या गुठळ्या होतात, वरून ओली आणि आत कोरडी, म्हणून आधी 5 ग्रॅम ग्लिसरीनमध्ये कालवा, मग डिस्टिल्ड वॉटर हळूहळू घाला, थोडं कोमट केलं तर लवकर फुगतं. डेसिल ग्लुकोसाइड शेवटी, हळू ढवळत, ब्लेंडर नको, नाहीतर अडकलेल्या बुडबुड्यांनीच जेल पांढरट दिसतं.

आणि हो, डेसिल ग्लुकोसाइड बाटलीतून येतं तेच चांगलं अल्कलाइन असतं, पीएच 11 च्या आसपास! सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी थेंब थेंब घालून पीएच पट्टीवर साडेपाचपर्यंत आणा. प्रिझर्व्हेटिव्ह टाळू नका, फिनॉक्सीइथेनॉल 100 ग्रॅमला जास्तीत जास्त 1 ग्रॅम. सेल्युलोज हे जंतूंचं खाणं आहे, त्यामुळे चांगलं घट्ट जेल काही दिवसांनी आपोआप पातळ झालं तर वास येत नसला तरी सरळ फेकून द्या.