भिगवणला रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो काढायचे आहेत. कधी जावे, कोणती लेन्स न्यावी?

डिसेंबर ते मार्च हा चांगला काळ. उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी तेव्हा ओसरू लागते, उथळ कडा उघड्या पडतात आणि रोहित तिथेच चरतात. कुंभारगावातून सूर्योदयाच्या सुमारास होडी धरा.

१००-४०० किंवा १५०-६०० मिमीची झूम लेन्स पुरते. ट्रायपॉड नेऊ नका, होडी हलत असते. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद, उडत्यासाठी १/२००० पेक्षा जलद ठेवा. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढला तरी चालेल. खरी अडचण पांढऱ्या पिसांची. मागचे पाणी गडद असेल तर कॅमेरा फसतो, फोटो जास्त उजळ करतो आणि पिसांतले बारकावे जळून जातात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) कमी करून -०.७ च्या आसपास ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, पाहा. पक्ष्याने फ्रेम व्यापली, तर उलट थोडे वाढवावे लागते.

नावाड्याला ‘थव्यात घाला’ असे कृपया सांगू नका. रोहिताला उडण्यासाठी पाण्यावर धावावे लागते. पुन्हापुन्हा उठवले की चरणे थांबते, ताकद वाया जाते. माना ताठ करून थवा दूर सरकू लागला की तिथेच थांबा. इंजिन बंद करून बसलात तर पुष्कळदा तेच चरत जवळ येतात. आणि वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून ते उडतात, म्हणून वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी असतील अशी जागा घ्या.