विश्वास कमी पडला म्हणून प्रार्थना ऐकली गेली नाही का?

"माझाच विश्वास कमी पडला असेल." संकटातून जाणाऱ्या ख्रिस्ती माणसांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, बोलण्याच्या ओघात ते केव्हा येणार याचा मला आता अंदाज येतो. कोणाचा आजार हटलेला नसतो, कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाच्या घरातले माणूस गेलेले असते. उपवास आणि साखळी-प्रार्थना (एकामागून एकाने पाळीपाळीने केलेल्या प्रार्थना) झालेल्या असतात, पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तेल लावून प्रार्थना केलेली असते, आणि तरीही जे मागितले ते मिळालेले नसते. मग कारण शोधताना बोट स्वतःकडे वळते. मंडळीतही, म्हणजे चर्चच्या लोकांतही, असे बोलणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, कारण त्यात नम्रता दिसते. मला मात्र या वाक्याची काळजी वाटते, आणि ती का वाटते हे एका बाईंच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतले बोलणे येथे थोडक्यात दिले आहे.

त्यांचे पती कर्करोगाने गेले होते. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा वर्ष उलटून गेले होते. दर रविवारी त्या उपासनेला जात, मुलांसमोर रडत नसत, आणि कोणी विचारले तर "प्रभूची इच्छा" एवढेच म्हणत. झोप मात्र उडाली होती, आणि घरी एकट्या असताना पवित्र शास्त्र उघडणे त्यांनी बंद केले होते. सुरुवातीच्या भेटींत त्या केवळ पतीच्या उपचारांविषयी बोलत राहिल्या. मी घाई केली नाही. माणूस ज्या गोष्टीच्या आसपास पुन्हा पुन्हा येऊन थांबतो, ती त्याची त्यालाच सांगू द्यावी, असे मी मानते, आणि इतक्या वर्षांच्या कामाने हे मत पक्केच होत गेले आहे.

"ताई, एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही," एके दिवशी त्या म्हणाल्या. "ते आयसीयूत होते. त्या रात्री मंडळीत त्यांच्यासाठी साखळी-प्रार्थना चालू होती. आणि मी जिन्यात उभी राहून दिरांना फोन केला. म्हटलं, बँकेच्या कागदांवर वारस म्हणून माझं नाव लागलंय का, तेवढं बघून ठेवा."

"मग?"

"मग काय? सगळे त्यांच्या जिवासाठी गुडघे टेकून बसलेले, आणि मी ते गेल्यानंतरची तयारी करत होते. देवानं ते ऐकलंच असणार ना. पुढच्याच आठवड्यात ते गेले."

अंत्यविधीनंतर एका नातेवाइकाने जाता जाता म्हटले होते, "कुठेतरी विश्वास डळमळला असेल." ते बोलणे त्या फोनला जाऊन चिकटले होते. संशय धरणारा माणूस समुद्राच्या लाटेसारखा असतो आणि त्याने प्रभूकडून काही मिळण्याची आशा धरू नये, हा पवित्र शास्त्रातल्या याकोबाच्या पत्रातला भागही त्यांना पाठ होता. त्या फोनमुळे आपला नवरा गेला, असे त्यांनी वर्षभर मनात धरून ठेवले होते.

अशा वेळी "तुमचा काही दोष नाही" असे चटकन सांगावेसे वाटते. ते खरे असले तरी समोरच्या माणसाला ते दिलाशाखातर म्हटल्यासारखे वाटते आणि मनात उतरत नाही. म्हणून मी त्यांना पवित्र शास्त्रातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 12वा अध्याय माझ्यासमोर वाचायला सांगितला. हेरोद राजा येशूचा शिष्य आणि योहानाचा भाऊ याकोब याला (ज्याचे पत्र आहे तो याकोब वेगळा) तलवारीने मारतो आणि नंतर दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकतो. मंडळी पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करत राहते. रात्री देवदूत त्याला सोडवतो, तो येऊन दार ठोठावतो, त्याचा आवाज ओळखून दासी आनंदाने आत धावत जाते, आणि तेथे प्रार्थनेसाठी जमलेली माणसेच तिला म्हणतात की, तुला वेड लागले आहे. येथे त्या वाचता वाचता थांबल्या.

"म्हणजे हे लोक मागत होते, आणि मिळेल असं त्यांनाच वाटत नव्हतं?"

"तसंच दिसतंय. तरी पेत्र दारात उभा होता."

"आणि याकोब?"

"त्याच्या वेळी कोणाचा विश्वास कमी पडला, असं कुठे लिहिलंय का, बघा."

त्यांनी अध्यायाची सुरुवात पुन्हा वाचली. तसे काहीच लिहिलेले नव्हते. मग मी त्यांना पाठ असलेला याकोबाच्या पत्रातला भागही आधीच्या ओळीपासून वाचायला सांगितला, तेव्हा तेथे ज्ञान मागण्याविषयी लिहिले आहे, कोणाचा जीव वाचवण्याविषयी नाही, हे त्यांच्याच लक्षात आले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर अगदी हळू म्हणाल्या, "ताई, माझा दोष नसेल, तर मग मला त्यालाच विचारावं लागेल ना. का नेलंस म्हणून."

मी ज्याची वाट पाहत होते ते हेच होते. त्या स्वतःला दोष देत होत्या, कारण तो दोष बाजूला केला असता तर त्याखालचा राग दिसला असता, आणि तो राग देवावरचा होता. देवाला बोल लागू नये म्हणून तो त्यांनी स्वतःवर घेतला होता. शिवाय चूक आपली असली की घडलेल्या गोष्टीला निदान कारण मिळते. पुढच्या वेळी विश्वास पुरेसा ठेवला की मुलांना काही होणार नाही, असा एक आधार उरतो. पण या आधारापायी देवाशी बोलणे खुंटते, कारण ज्याच्यापासून एवढे मोठे काही लपवले आहे त्याच्यासमोर बसवत नाही. शास्त्र उघडायला त्यांचा हात का धजत नव्हता, हे मला तेव्हा कळले. बाहेरून ज्याला डळमळलेला विश्वास म्हटले जात होते, ते माझ्या मते अबोल्यात अडकलेले प्रेम होते.

पुढच्या भेटीत आम्ही स्तोत्रे वाचली. 13व्या स्तोत्रात पहिल्या दोन ओवींतच स्तोत्रकर्ता देवाला "किती वेळ" असे चार वेळा विचारतो. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मी त्यांना म्हटले, "आता तुमच्या शब्दांत बोला." त्यांनी डोळे मिटले नाहीत की हात जोडले नाहीत. म्हणाल्या, "तू होतास ना तिथे जिन्यात? मग तो फोन मी कशाला केला, तेही तुला माहीत होतं. माझ्या पोरांसाठी केला मी. ह्यांना वाचवायचं नव्हतं तर एवढी आशा का लावलीस?" त्या रडल्या, आणि जिन्यातल्या त्या बाईची त्यांना पहिल्यांदाच कीव आली. त्या रात्री त्यांनी घरी शास्त्र उघडले, हे त्यांनी मला नंतर सांगितले.

ज्यांना हीच चिंता सतावते त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप आठवावा. तो येशूला म्हणतो, "आपल्याला काही करता येत असेल तर करा," आणि लगेच आपल्या अविश्वासाविषयीच मदत मागतो. त्याचा मुलगा बरा होतो. उलट प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारे एक दुखणे, जावे म्हणून तीनदा विनंती केली, आणि ते गेले नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने प्याला, म्हणजे समोर आलेले दुःख आणि मरण, टळावा अशी प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. हे शास्त्रात स्पष्ट असताना, मिळाले ते विश्वासामुळे आणि हुकले ते अविश्वासामुळे, असा हिशेब दुःखी माणसापुढे मांडण्याचा अधिकार कोणालाही नाही. शास्त्रातल्या ईयोबाच्या पुस्तकात, मोठ्या संकटांनी गाठलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ बसले होते, तोवर त्यांचे वागणे योग्यच होते. त्यानंतर ते कारणे सांगू लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

प्रार्थना सुचत नसेल तर एकच ओळ म्हणावी, तीही रोज तीच असली तरी चालेल. तेवढेही जमत नसेल तर दुसऱ्याला आपल्या वतीने करू द्यावी. छप्पर उघडून चौघांनी खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या गोष्टीत येशूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो.

शरीराकडेही पाहावे. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा खायला-प्यायला दिले आणि मध्ये झोपू दिले. झोप, भूक आणि कामातले लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले राहिले, किंवा जगणे नकोसे झाल्याचे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, आणि जीव देण्याचा विचार मनात असेल तर त्याच दिवशी भेटावे. औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असे कोणी म्हणाले तर पौलाचा सोबती लूक वैद्य होता हे त्यांना सांगावे, आणि डॉक्टरांची ठरलेली वेळ चुकवू नये.