बैलाला पाच पाय असले म्हणून काय बिघडले?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलांना छापील चित्रे रंगवायला देते, पण काही मुले ‘बाई, तुम्हीच काढून द्या’ म्हणून बसून राहतात. पोळ्याला मातीचे बैल करवून घेतले, तर तेही वाळताना तडकले. रंगांना पैसे पुरत नाहीत. काय करावे?

उत्तर : आधी बैलांचे पाहू. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा आणि आपल्या बैलांना गेलेले तडे यांचे कारण एकच आहे. मातीत बारीक वाळू व थोडा भुसा मिसळावा आणि बैल सावलीत वाळवावेत. पाय मागाहून चिकटवण्यापेक्षा त्याच गोळ्यातून ओढून काढले, तर गळून पडत नाहीत. मात्र माती घरून मळून आणू नये, कारण दाबणे, चिमटणे, थापटणे यांतच पुढे पेन्सिल धरणारी बोटे तयार होतात. तीन वर्षांच्या मुलाचा बैल म्हणजे बहुधा एक लोळा आणि दोन शिंगे; पायांची संख्या चुकली तरी आपण हात लावू नये.

‘तुम्हीच काढून द्या’ हे मूल छापील चित्रांमुळेच म्हणू लागते, असे माझे मत आहे. समोर तयार हत्ती असला की स्वतःचा हत्ती त्याला चुकलेला वाटतो. तीन-चार वर्षांची मुले गोल काढून त्यालाच हातपाय लावतात, धड नसते, आणि त्या वयाला ते योग्यच आहे. ‘हे काय काढलंस?’ असे दरडावण्याऐवजी ‘कसं केलंस, सांग बरं’ असे विचारावे.

साहित्याची अडचण जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला, परिसरातल्याच वस्तूंवर बालवाडी चालवली. हळदीच्या पाण्याने रंगवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचे बोट फिरवले की लालसर रेघ उमटते. हा खेळ मुले दहादा मागतात. फाल्गुनात पळसाची फुले उकळून केशरी रंग मिळतो. वस्तू करायला ज्वारीची धाटे दिली, तर ती मात्र आपणच सोलून द्यावीत, कारण सालीची धार बोट कापते. गुंजा आणि एरंडीच्या बिया विषारी असल्याने त्या वर्गात आणूच नयेत.

पोळ्याच्या आधी गावातल्या एखाद्या आजोबांना बैल करायला बोलवावे. फक्त मुलांचे बैल त्यांनी दुरुस्त करायचे नाहीत, एवढे त्यांना दारातच सांगून ठेवावे.